मदत हवी आहे: तीन गोळ्यांच्या फैरीची रायफल कायद्याने ‘स्वयंचलित’ ठरते का?

नमस्कार. मी एका कायदेविषयक मजकुराचे मराठीकरण करत असून एका व्याख्येपाशी अडलो आहे. चाप एकदा ओढल्यावर एकच गोळी सुटते, पुढची गोळी आपोआप भरली जाते, पण ती झाडण्यासाठी चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो, ती अर्धस्वयंचलित रायफल. इथवर शंका नाही. (आपली वृत्तपत्रे अर्धस्वयंचलित आणि पूर्ण स्वयंचलित अशा दोन्हींना सरसकट ‘स्वयंचलित’ म्हणतात, तो भाग निराळा.)

अडचण पुढे आहे. आपल्या 1959 च्या शस्त्र अधिनियमातील कलम 2 मध्ये निषिद्ध शस्त्राची व्याख्या करताना, चापावर दाब दिल्यास तो काढेपर्यंत किंवा मॅगझीन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहतील अशी रचना, असा निकष दिला आहे. अमेरिकेचा 1934 चा कायदा मात्र ‘मशीनगन’ची व्याख्या करताना चापाच्या एकाच क्रियेत एकाहून अधिक गोळ्या सुटतात का, एवढेच पाहतो. 14 जून 2024 रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी ‘बंप स्टॉक’ हे (अर्धस्वयंचलित रायफलीला जोडून तिच्या धक्क्याच्या जोरावर झपाट्याने गोळ्या झाडू देणारे) उपकरण या व्याख्येत बसत नाही असे ठरवले, तेही याच शब्दांवर.

आता भारतीय लष्कराच्या इन्सास रायफलीतील तीन गोळ्यांच्या फैरीची सोय घ्या. बोट चापावर दाबलेलेच असते, मॅगझीनमध्ये गोळ्या शिल्लक असतात, तरी तिसऱ्या गोळीनंतर मारा थांबतो. अमेरिकी व्याख्येत ती सहज बसते. आपल्या व्याख्येत शब्दशः बसते का? यावर एखादा न्यायनिर्णय किंवा अधिसूचना कोणाच्या पाहण्यात असल्यास कृपया कळवावे.