मामांना पीजीपी कसं समजावू?

नाशिककर: वाटणीपत्राचा मसुदा मामांना मेलवर पाठवायचाय. त्यात सगळ्यांचे आधार-पॅन, उघडं पाठवायला जीव धजत नाही. मामा साताऱ्याला, वय ७२. गणपतीत गेलो तेव्हा त्यांच्या लॅपटॉपवर थंडरबर्ड (मेलचं सॉफ्टवेअर) टाकून ओपनपीजीपीची, म्हणजे मेल कुलूपबंद करणाऱ्या पीजीपीच्या पद्धतीची, किल्ल्यांची जोडी बनवून दिली: पब्लिक की दुसऱ्याला द्यायची, तिनं मेल बंद होतो; सिक्रेट की स्वतःकडेच ठेवायची, तिनंच तो उघडतो. काल फोनवर म्हटलं, "तुमची पब्लिक की तेवढी पाठवा." त्यांनी सिक्रेट कीचा बॅकअप पाठवला. बॅकअपला पासवर्ड लागतो ना, तोही त्याच मेलमध्ये, "तुला लागेल म्हणून"! आता कुठून सुरुवात करू?

भटक्या: व्हॉट्सअॅपवर टाक की. तिथंही आत पब्लिक कीच असते, २०१६पासून सगळ्यांना.

सीएऑफिसवाली: मामांना बोल लावू नका. एकाच फाइल मेन्यूत दोन्ही पर्याय, माणूस गोंधळणारच. व्हिटन आणि टायगर या संशोधकांनी १२ जणांना पीजीपी ५.० देऊन बघितलं होतं, १९९९मध्ये ते छापून आलं. सगळे रोज ईमेल वापरणारे, हाताशी ९० मिनिटं. तरी सही करून, कुलूपबंद मेल जेमतेम एक तृतीयांशांना जमला. काहींनी तर गुपित उघडंच पाठवलं.

लांब कशाला, आमच्याकडे या. डीएससीचे (डिजिटल सहीच्या सर्टिफिकेटचे) टोकन म्हणजे तीच भानगड. सही करणारी खासगी, म्हणजे सिक्रेट, की त्या यूएसबीत, आणि आयटी कायद्याचं कलम ४२ म्हणतं ती ज्याची त्यानं सांभाळावी. प्रत्यक्षात डायरेक्टर लोकांचे टोकन आमच्या ड्रॉवरमध्ये, प्रत्येकाला चिकटपट्टी, वर नाव आणि खाली पिन. कारण ड्रायव्हर टाका, ब्राउझर रुसला की परत टाका, पिन चुकत गेला की टोकन लॉक. एवढं कोण करतंय? "मॅडम, तुमच्याकडेच राहू दे." सही त्यांची, हात आमचा.

नाशिककर: व्हॉट्सअॅप नको, मामा आलेलं सगळं फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड करतात.

सीएऑफिसवाली: मग सेव्हन-झिप (फाइल बांधून कुलूप लावणारं सॉफ्टवेअर). पासवर्ड घाला, फाइलची नावं लपवायच्या चौकटीत टिक करा. पासवर्ड फोनवर सांगा, मेलमध्ये अजिबात नको.

नाशिककर: आणि ती फुटलेली की? रिव्होक करू, म्हणजे रद्द झाल्याचं जाहीर करू?

सीएऑफिसवाली: पब्लिक की अजून कुणाकडे गेलीच नाही, मग कळवणार कुणाला? दोन्हीकडून डिलीट करा. मेलच्या ट्रॅशमधूनही.