मनीप्लांटला मुळे फुटली, पण नवे पान येत नाही : मदत हवी आहे

हिरवीवेल : दोन महिन्यांपूर्वी मनीप्लांटची चार कलमे पाण्यात ठेवली. मुळे बोटभर लांब झाली, पाने टवटवीत आहेत. तरीही एकालाही नवे पान नाही. नेमका उपाय सांगावा. ‘धीर धरा’ हे घरात रोज ऐकते आहे.

कुंडीकाठ : उजेड किती आहे आणि पाणी किती दिवसांनी बदलता, हे लिहिलेलेच नाही.

हिरवीवेल : खिडकीजवळ, थेट ऊन नाही. पाणी चार दिवसांनी बदलते.

मातीमोल : कापलेल्या टोकाला मध लावून पाहावा. मी प्रत्येक कलमाला लावतो आणि ते हमखास जगते.

कुंडीकाठ : मनीप्लांट मध न लावताही जगतोच, त्यामुळे श्रेय कोणाचे हे ठरवणे कठीण. मुळे फोडणाऱ्या पावडरीत इंडोल ब्युटिरिक आम्ल असते, ते मधात नसते. शिवाय येथे मुळे आधीच फुटली आहेत.

पानवेडा : स्नेक प्लांटबाबत सावध राहावे. पिवळ्या कडेच्या पानाचे तुकडे लावले, तर येणारी रोपे बहुधा निव्वळ हिरवी निघतात; कड टिकवायची असेल तर गड्डाच विभागावा लागतो.

कुंडीकाठ : उपयुक्त आहे, परंतु विचारलेले नाही. हिरवीवेल, कलम नेमके कोठून कापले?

हिरवीवेल : कापले नाही, पाने देठासकट खुडली. वेल उगाच तोडवेना.

कुंडीकाठ : मग उत्तर त्यातच आहे. मनीप्लांटचा नवा कोंब पेरावरच्या डोळ्यातून येतो आणि तो डोळा देठाच्या बगलेत, खोडावर असतो. नुसत्या देठाला मुळे फुटतात, पान महिनोन्‌महिने हिरवे राहते, पण त्याची वेल होत नाही. पेराच्या थोडे खाली खोड कापून पेर पाण्यात आणि पान पाण्याबाहेर राहील असे ठेवावे.

हिरवीवेल : आत्ताच चारही बाहेर काढून पाहिली. तिघांचे देठ तळाशी स्वच्छ तुटलेले आहेत. चौथ्याबरोबर मात्र खोडाची ढलपी सोलून आली आहे आणि देठाच्या बगलेत मोहरीएवढा हिरवट फुगवटा आहे.

कुंडीकाठ : तोच डोळा असावा. ते एक सांभाळा.

हिरवीवेल : मातीत लावू की पाण्यातच ठेवू?

मातीमोल : मातीत. पाण्यातली मुळे जितकी लांबतील, तितकी त्यांना मातीची सवय लागणे जड जाते.

कुंडीकाठ : पाण्यातच, निदान कोंब दिसेपर्यंत. एवढीशी ढलपी ओल्या मातीत कुजली, तर कळणारही नाही.