खाडीच्या चिखलाचे काचस्तंभ: थर नीट यावेत आणि वासही घेता यावा, यासाठी काय करावं?

खाडीकाठ (वाशी)
चौघं मिळून एक मांडणी करतोय: ग्लासब्लोअर, अत्तरं बनवणारी मैत्रीण, जीवशास्त्राचे सर आणि मी. ४० सेंमी उंच, आतून १० सेंमी व्यासाच्या पाच काचनळ्यांत ठाणे खाडीचा चिखल भरून विनोग्राडस्की स्तंभ (चिखल-पाण्याची बंद नळी, जिच्यात प्रकाशावर जिवाणूंचे रंगीत थर वाढतात) उभे करायचे आहेत. रंगांचे थर जिवाणूच लावतील, बघणाऱ्यांनी वासही घ्यायचा. हाताशी दहा आठवडे. हॉलला खिडकी नाही, पांढरे एलईडी आहेत. चिखलात काय मिसळू? काच कोणती घेऊ? आणि वास कुजक्या अंड्यांच्या पलीकडे नेता येईल का?

सूक्ष्मजीव_ऐरोली
आधी परवानगी. खाडीचा भाग फ्लेमिंगो अभयारण्यात येतो, २०२२ पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. तिवरांतून परस्पर चिखल उचलू नका, वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे लेखी अर्ज करा. नाहीच जमलं तर तळ्याचा गाळ चालतो, फक्त त्यात सल्फेट कमी असतं म्हणून लिटरमागे १० ग्रॅम जिप्सम घाला. शेतकी दुकानातलं घ्या, प्लास्टर ऑफ पॅरिसचे गोळे होतात. खाडीच्या चिखलात मात्र जिप्सम नकोच. खाऱ्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं, आणखी घातलंत तर जिवाणू त्यापासून बनवतात तो हायड्रोजन सल्फाइड (कुजक्या अंड्यांच्या वासाचा वायू) वाढून वासाचं काम अवघड होईल.

चिखल २-३ मिमी जाळीतून काढा, पातळ श्रीखंडाइतका सैल करा. तळाच्या १० सेंमीसाठी, म्हणजे साधारण ८०० मिली चिखलात, वर्तमानपत्राचे बारीक तुकडे १० ग्रॅम आणि अंड्याच्या कवचांची पूड ५ ग्रॅम. फळ्याचा खडू वापरू नका, तो बहुधा जिप्समचाच असतो. त्यावर २५ सेंमीपर्यंत नुसता चिखल, मग ५-६ सेंमी खाडीचं पाणी, वर मोकळी जागा. भरताना लांब काडीने बुडबुडे काढत राहा. राहिलेली हवेची पोकळी वायूने फुगते आणि वरचा थर उचलून धरते.

तुमची खरी अडचण दिव्यांची आहे. जांभळे गंधक-जिवाणू मुख्यतः ८०० ते ९०० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशावर वाढतात, पांढऱ्या एलईडीत तो जवळजवळ नसतो. मग काचेला हिरवं शेवाळ धरतं, जांभळा थर मागे पडतो आणि चिखलच वाईट निघाला असं वाटून माणसं नळी ओतून टाकतात. ४० वॅटचा जुना तारेचा बल्ब नळीपासून ५० सेंमीवर, दिवसाला १२ तास लावा. बल्ब नाही मिळाला तर सीसीटीव्हीचा ८५० नॅनोमीटरचा इल्युमिनेटर (अवरक्त दिवा) चालेल.

आठ-दहा दिवसांत काचेला आतून तिळाएवढे काळे ठिपके दिसू लागतील आणि हळूहळू एकमेकांत मिसळतील. ते आयर्न सल्फाइड, म्हणजे खाली काम सुरू झालं. हिरवा थर साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, जांभळा सहाव्या ते आठव्या. म्हणून नळ्या हॉलमध्येच भरा, टेम्पोत हादरे बसले की थर मिसळतात. आणि उद्घाटनाची तारीख जांभळा रंग दिसेपर्यंत छापू नका. थर लावायचं काम जिवाणूंवर सोपवताय, तर वेळही त्यांचीच धरावी लागेल.

काचकाम_ठाणे
बोरोसिलिकेट घ्या. बाजारातल्या साध्या बरणीला वासासाठी बोरोसिलिकेटची तोटी जोडण्याचा मोह होईल, पण साधी काच दर अंशाला दशलक्षात सुमारे ९ भाग प्रसरण पावते, बोरोसिलिकेट ३.३. सांधा थंड होताना किंवा दोन दिवसांनी जोडालगत चंद्रकोरीसारखा तडा जातो. तोटी पाण्याच्या पातळीच्या ३ सेंमी वर काढा, नंतर सुमारे ५६० अंशांवर अनीलिंग (काचेतला ताण घालवायला तापवून हळूहळू थंड करणं) कराच. तोंडाला २४/२९ या प्रमाणित मापाचा घासलेला सांधा ठेवा. त्याला ग्रीस लावू नका, ते वास धरून ठेवतं. टेफ्लॉनची बाही घाला. बूच घट्ट बंद नको. १ मिमी छिद्राची वाकडी नळी मोकळी सोडा, नाहीतर वायूच्या दाबाने बूच उडेल.

अत्तरदाणी
थेट नळीला नाक लावू देऊ नका. रचना अशी: मत्स्यालयाचा छोटा पंप, मग कोळशाची नळी (पंपातल्या रबराचा वास तिथेच अडतो), मग स्तंभातली मोकळी जागा, मग गंजलेल्या स्टील वूलची नळी, शेवटी वास घ्यायचा काचगोळा. जोडायला टेफ्लॉन नळी. सिलिकॉन वास पितं आणि दुसऱ्या दिवशी परत सोडतं. पंप एका वेळी दहा सेकंदच.

गंज हायड्रोजन सल्फाइड धरतो. बायोगॅस संयंत्रात हीच युक्ती वापरतात. डायमिथाइल सल्फाइड मात्र बराचसा निसटतो, आणि ओहोटीच्या वेळी खाडीवरून येणाऱ्या वासात तोही असतो. स्टील वूल काळं पडलं की बदला. पाचांपैकी एका नळीला हे गाळण अर्धंच भरा, फरक लगेच कळतो.

खाडीकाठ (वाशी)
हॉल बंदिस्त आहे. धोका किती?

सूक्ष्मजीव_ऐरोली
एवढ्या चिखलातून वायू थोडाच निघेल, पण एक्झॉस्ट पंखा हवाच. नाकावर विसंबू नका: हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या (हवेच्या दशलक्ष भागांत १०० भाग) आसपास असला की काही मिनिटांत नाक बधिर होतं, वास थांबला म्हणजे वायू गेला असं नाही. गटारात उतरणाऱ्या कामगारांसाठी असतो तो या वायूचा, १० पीपीएमला वाजणारा मीटर ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या सुरक्षा-साहित्याच्या दुकानांत विचारा. तो काचगोळ्याच्या उंचीवर टांगा.