मदत हवी आहे: २९व्या वर्षी हृदयासाठी ताई ची पुरतं का?

कैरीची_डाळ

नमस्कार मंडळी,

चार वर्षं सिंगापूरला आहे. गेल्या महिन्यात ऑफिसच्या तपासणीत बीपी १३४/८६ निघालं. नर्सने थोडा वेळ बसवून परत घेतलं, तर १३२/८४. वजन बेताचं, सिगारेट-दारू नाही. एरवी मी एवढं मनावर घेतलं नसतं, पण बाबांना ४८व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. मी दहावीत होते तेव्हा. दोन स्टेंट आहेत, आता ठणठणीत आहेत, पण ती रात्र काही डोक्यातून जात नाही.

जिम दोनदा लावली, दोन्ही वेळा पैसे पाण्यात. मग झालं असं की, आमच्या बिल्डिंगखाली (इथे तळमजला मोकळा ठेवतात, व्हॉइड डेक म्हणतात) रोज सकाळी सात-आठ चिनी आज्या ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) करतात. एकदा मी लिफ्टची वाट बघत उभी असताना एकीने सरळ मनगट धरून रांगेत उभं केलं. तिथून सुटलेच नाही! तीन महिने झाले, आठवड्यातून चार दिवस, पाऊण तास. यांग शैलीतला २४ हालचालींचा संच करतो. हात ढगांसारखे सरकवायचे, जंगली घोड्याची आयाळ दुभंगायची, असली नावं. जीव रमतो तिथे.

पण घड्याळात ठोके ९५-१०० च्या वर जातच नाहीत. धाकटा भाऊ नाशिकला असतो, मॅरेथॉन पळतो. त्याचं म्हणणं, "ही ताईची कसरत आहे, हृदयाची नाही." घरात सगळे खो खो हसले.

तर जाणकारांनी सांगावं: तरुण वयात याचा हृदयाला खरंच उपयोग असतो का, की हे साठीनंतरचं काम? पळायलाच लागणार आहे का मला?

खडीसाखर

भाऊ विनोदी आहे, पण अर्धाच बरोबर आहे. मी पाच वर्षं करते. गुडघे किती वाकवता यावर सगळं आहे. आज्या उभ्या-उभ्या करतात कारण त्यांचे गुडघे तेवढेच. तुम्ही बैठक खाली घ्या, वजन एका पायावर पूर्ण जाऊ द्या, मग बघा मांड्या कशा थरथरतात आणि घड्याळ काय म्हणतं. फक्त गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवा, आत वळू देऊ नका. माझा एक गुडघा त्यातच गेला होता.

सह्यवेडा

रविवारी एखादा गड चढा, सगळे आजार पळतील. (सिंगापुरात गड नाहीत हे माहीत आहे. सर्वात उंच डोंगर १६४ मीटरचा. सहानुभूती.)

स्टेथो

फिजिशियन आहे. इथे बसून निदान करत नाही, पण प्रश्न चांगला आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही दोन गोष्टी एकत्र केल्या आहेत: रक्तदाब आणि दमसास.

रक्तदाबाच्या बाबतीत ताई ची हलकं समजू नका. २०२४ साली चीनमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. बीपी थोडं वर सरकलेले, पण अजून औषधापर्यंत न पोचलेले ३४२ जण होते. निम्म्यांना ताई ची, निम्म्यांना भरभर चालणं, जॉगिंग, सायकल वगैरे. आठवड्याला चार वेळा, तासभर. वर्षाने वरचा आकडा ताई चीवाल्यांचा सरासरी ७ ने उतरला, दुसऱ्या गटाचा साडेचारच्या आसपास. मात्र त्यांचं सरासरी वय ४९ होतं. तुमच्या वयाच्या निरोगी मुलामुलींवर जे प्रयोग झालेत ते छोटे आहेत, त्यामुळे तोच आकडा तुम्हाला लावून देणार नाही.

दमसासाचं गणित वेगळं. २२० वजा वय, म्हणजे तुमचे कमाल ठोके अंदाजे १९१. मध्यम व्यायामात त्याच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे १२२ ते १४५ व्हायला हवेत. तुमचे १०० म्हणजे जेमतेम निम्मे. साठीच्या माणसाला हीच कसरत मध्यम ठरते, तुम्हाला हलकी. म्हणून ताई ची सोडू नका, पण त्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा बोलताना धाप लागेल असं काहीतरी करा. पळायलाच हवं असं नाही. जिने चालतील.

आता तुम्ही न विचारलेलं. वडिलांना ५५च्या आत त्रास झालेला असला की तो धोक्यात धरतात. लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करून घ्या, सोबत लायपोप्रोटीन-ए (आनुवंशिक चरबीकणाची तपासणी), ती बहुधा आयुष्यात एकदाच करावी लागते. दंडावर पट्टा लावायचं मशीन आणा, मनगटाचं नको. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, आधी अर्धा तास चहा न घेता, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा, आठवडाभर. सरासरी १३५/८५ च्या वर आली तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. आणि गर्भनिरोधक गोळ्या किंवा वरचेवर पेनकिलर चालू आहेत का? दोन्हींनी बीपी चढतं. मिठाचं काय?

कैरीची_डाळ

स्टेथो, खूप आभार. गोळ्या नाहीत. मिठाचं विचारू नका, आईने पाठवलेलं लोणचं आणि दुपारी फूड कोर्टातलं सूप, ते शेवटच्या थेंबापर्यंत पिते. आता पिणार नाही.

मशीन आजच मागवते. खडीसाखर, खाली बसून करून बघितलं, दुसऱ्या मिनिटाला पाय लटपटले. आज्यांना फार गंमत वाटली.

कैरीची_डाळ

दहा दिवसांनी परत येतेय. घरची सरासरी १२७/८१. म्हणजे तपासणीच्या टेबलावर धास्तीनेही चढत असणार. लिपिडचे रिपोर्ट शुक्रवारी येतील, टाकते इथे. ताई ची झालं की जिन्याने घरी जाते, बाराव्या मजल्यावर. पाचव्याला धाप, आठव्याला कठडा. घड्याळ १४१ दाखवतं.

भावाला विचारलं, तुझं बीपी शेवटचं कधी मोजलंस? बाबा तुझेही आहेत. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतायत. उत्तर नाही.