समुद्री गवताचे तुकडे टाकीत रुजत नाहीत, मदत हवी आहे

खारेपाणी: तीन आठवडे झाले, तुकडे नुसते तरंगतायत. वादळानंतर उजाड झालेली कुरणं वाहून आलेल्या तुकड्यांतून पुन्हा भरतात असं वाचलं, म्हणून तेच टाकीत करून बघतोय. पाणी समुद्राचं, वाळू बारीक, दिवा दहा तास. पानं हिरवीगार आहेत, पण एकालाही मूळ नाही. सोमवारी निरीक्षणं द्यायची आहेत. काय चुकतंय ते कृपया लवकर सांगा.

तळवाळू: जात कोणती? आणि तुकडा म्हणजे नेमकं काय? सुटी पानं, की खालच्या आडव्या खोडासकट? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

दोरखंड: वाळू काढून टाका. दोन दोऱ्या ताणा, पिळात तुकडे अडकवा. मी अशीच वाढवतो, मुळांची गरजच पडत नाही.

तळवाळू: दोरखंड, तुम्ही वाढवता ते शेवाळ. ते सगळ्या अंगानं पाण्यातून अन्न घेतं. खारेपाणींची वनस्पती फुलं येणारी आहे, तिला खरी मुळं असतात. दोरीवर ती कुठे रुजणार?

खारेपाणी: जात माहीत नाही. पानं लहान, लंबगोल, जोडीजोडीनं, लांब देठाची. देठाशी कापून घेतली आहेत.

तळवाळू: वर्णनावरून हॅलोफिला ओव्हॅलिस वाटतंय. आणि चूक सापडली. देठाशी कापलेलं पान काही दिवस हिरवं राहील, पण त्यातून झाड होणार नाही. हराळीचं बघा, मातीत एक पेर राहिलं तरी फुटते, नुसतं पातं खोचलं तर वाळून जातं. तुम्हाला आडव्या खोडाचा तुकडा हवा, दोन-तीन पेरांचा आणि शक्यतो वाढत्या शेंड्यासकट. नवी मुळं पेरापाशीच फुटतात.

बीजपेर: तुकड्यांच्या नादी लागूच नका, बिया पेरा. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनारी खाड्यांतलं झोस्टेरा हे समुद्री गवत १९३० च्या दशकात रोगानं आणि वादळानं संपलं होतं. तिथे दोन दशकांत ७ कोटींहून जास्त बिया टाकल्या, तेव्हा सुमारे ३,६०० हेक्टर कुरण उभं राहिलं. तुकड्यांनी हे झालं असतं का?

लाटेकाठी: सगळ्या जाती झोस्टेरा नाहीत, बीजपेर. ऑस्ट्रेलियात 'ऑपरेशन पॉसिडोनिया'मध्ये (पॉसिडोनिया हेही समुद्री गवतच) स्वयंसेवक वादळानंतर किनाऱ्यावर आलेले खोडासकट कोंब वेचतात आणि बोटींच्या नांगरसाखळ्यांनी खरवडलेल्या जागी ते लावले जातात. फ्लोरिडातल्या हॅलोफिला जॉन्सोनीला तर कायम मादीफुलंच सापडली, बी कधीच नाही. तिचा पसारा तुकड्यांवरच चालला.

बीजपेर: तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. नुसत्या तुकड्यांवर पसरलं की सगळीकडे एकच झाड, त्याच्याच हुबेहूब नकला. एक रोग आला की सगळं गेलं.

लाटेकाठी: एकच झाड म्हणजे दुबळं असं कुठे आहे? ऑस्ट्रेलियाच्याच शार्क बेमध्ये पॉसिडोनिया ऑस्ट्रॅलिसचं एकच झाड १८० किलोमीटर पसरलेलं २०२२ मध्ये उजेडात आलं. वय किमान ४,५०० वर्षं.

तळवाळू: ते खोडानं सरकत सरकत पसरलंय, तुकडे वाहून नव्हे. दोन्ही एकत्र करू नका. आणि बीजपेर, झोस्टेराची फुलं आलेली फांदी तुटून तरंगते तेव्हा ती बियाच वाहून नेत असते. म्हणजे तुकडा विरुद्ध बी असं सरळ भांडणच नाही.

निळाई: अवांतर: डुगाँग (समुद्री गाई) चरताना गवत मुळासकट उपटतात. त्यांच्यामुळेही तुकडे पसरत असतील का?

लाटेकाठी: तुकडे सुटतात हे नक्की. शिवाय त्यांच्या विष्ठेतून निघालेल्या बिया उगवतात हेही दिसलंय. वेगळा धागा काढा, मला खूप लिहायचंय.

खारेपाणी: माझ्या प्रश्नाकडे वळूया का? खोडासकट चौदा तुकडे मिळाले, काठावर आलेले. तेही तरंगतातच!

तळवाळू: तरंगणारच. पानांत आणि खोडात हवेच्या पोकळ्या असतात, म्हणूनच तर ते वाहत दूर जातात. समुद्रात तुकडा उथळ, संथ जागी पोचतो, कशात तरी अडकतो, तळाला टेकून राहतो, मग मूळ धरतं. बहुतेक तुकडे तिथवर पोचतच नाहीत. तुमच्या टाकीत पंप चालू असेल तर टेकायची उसंतच मिळत नाही. पंप मंद करा. बांबूच्या चिमट्यानं खोड वाळूच्या अगदी वरच्या थरात दाबा. खोल पुरू नका, हॅलोफिला गुदमरते. पेरं खाली, पानं मोकळी.

लाटेकाठी: कधी तुटले तेही लिहून ठेवा. फार दिवस वाहिलेला तुकडा दिसायला हिरवा असतो, पण खोडातला अन्नसाठा संपलेला असतो. आणि टाकीतलं पाणी, उरलेले तुकडे समुद्रात ओतू नका. तांबड्या समुद्राकडची हॅलोफिला स्टिप्युलेसिया २००२ मध्ये कॅरिबियनमध्ये ग्रेनाडाला आढळली आणि तुकड्यातुकड्यानं बेटाबेटांवर पोचली.

खारेपाणी: सोमवार गेला, मुदत वाढवून घेतली. चिमट्यांनी लावलेल्या चौदांपैकी पाच तुकड्यांना पेरापाशी पांढरं, दोऱ्यासारखं मूळ आलंय. पाचपैकी चारांना शेंडा आहे. शेंडा नसलेला पाचवा कसा जगला?

तळवाळू: त्याला पेरं किती आहेत? फोटो टाका.