खच्ची केलेला बैल म्हणे हवेवर फुगतो!

चिकोडीवाला: काल इथं एकानं लिहिलं, "खच्ची केलेल्या बैलाला निम्मी वैरण पुरते, तो हवेवरच फुगतो." वाचून डोकं तडकलं. निम्म्या वैरणीवर नांगर ओढायचा काय? खच्ची केल्यावर टेस्टोस्टेरॉन, म्हणजे नराचं हार्मोन, आटतं, खाल्लेल्याचं मांस कमी न् चरबी जास्त होते. तेवढ्याच वैरणीवर खच्ची न केलेला खोंडच वजनात पुढं जातो.

टिळकवाडीकर: मग आमच्या बोक्याचं काय? ऑपरेशननंतर चार महिन्यांत पोट जमिनीला टेकलं. डॉक्टर म्हणाले, गरज पाव हिश्शानं घटते, वर भूक वाढते.

चिकोडीवाला: बोका सोफ्यावर लोळतो ओ. बैल सकाळी सहाला जुंपतात.

खानापूरची लेक: आमच्या गोठ्यातली जोडी सांगते. एकाला वर्षाचा असताना खच्ची करायचा चिमटा लावला, दुसऱ्याला चार दाती, म्हणजे तीनेक वर्षांचा, झाल्यावर. पहिला पायानं लांब, उंच, पण वशिंड बसकं, मान बारीक. दुसऱ्याचं वशिंड भरलेलं. भाताची कामं संपून महिनाभर दावणीला राहिले की दोघांच्याही शेपटीच्या बुडाशी चरबी हाताला लागायची. बाबा तिथं चाचपूनच पेंड कमी करायचे. वैरण नाही, पेंड.

निपाणीकर: चिमट्यावरून आठवलं. आमच्या वासराला चिमटा लावल्यावर सूज आली, आपला बेळगाव जिल्हा कर्नाटकात, त्यामुळं दवाखान्यातून औषधाची चिठ्ठी मिळाली ती कन्नडमध्ये. आईनं दिवसाचं औषध एका वेळी पाजलं. तालुक्यात १५ टक्के लोकांची भाषा असेल तर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेत काढायच्या, असा भाषिक अल्पसंख्याकांसाठी नियम आहे. कुठं दिसतो?

अथणीकर: प्रत्येक धाग्यात हेच! कन्नड वाचायला शिका की. मी मराठीच, पण चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत बैलाचा सौदा कन्नडमध्ये करतो.

निपाणीकर: मला येतं. आई सत्तरीची आहे. तिनं आता बाराखडी गिरवायची? वासरू तीन दिवस उठलं नव्हतं, तुम्ही नव्हता तिथं.

अथणीकर: आवाज चढवू नका. चिठ्ठी न समजता औषध पाजायचंच कशाला?

खानापूरची लेक: अहो, विचारायचं कुणाला? दवाखाना दुपारी बंद असतो. आमच्या बाबांनीही असंच अंदाजानं पाजलंय.

अथणीकर: बरं, औषधाचं प्रमाण मराठीत सांगायला हवं होतं, एवढं मान्य. पुढचं नाही.

टिळकवाडीकर: बैलाचं राहिलंच. रिकामा बसला तर खच्ची बैलही चरबी धरतो, हे खानापूरच्या दावणीवरूनच निघालं ना?

चिकोडीवाला: रिकामा बसला तर, होय. पेंड कमी करा. वैरणीला हात लावू नका.