मैत्रिणीचं तिकीट आधी काढा

ताई, तुमच्या वृंदगान गटाला मुंबईहून मडगावला जायचंय आणि एक मैत्रीण व्हीलचेअरवर आहे, तर गाडी मांडवी एक्सप्रेसच निवडा. ती सीएसएमटीहून सुटते आणि मडगावलाच संपते, त्यामुळे चढता-उतरताना दोन मिनिटांच्या थांब्याची धास्ती नाही.

सोबतीशिवाय प्रवास करता न येणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के सवलत आहे, सोबत्यालाही तेवढीच. हे तिकीट वेगळं निघतं, म्हणून ते आधी काढा. मग बाकीच्यांची त्याच डब्यात बघा, एका अर्जावर सहाच नावं बसतात.

पण सगळ्यात आधी तिलाच विचारा, उचलून घेतलेलं तिला चालतं का आणि कोणाकडून. आमच्या गटातल्या अशाच मैत्रिणीला हे न विचारता आम्ही चौघी धावलो होतो, ती फार अवघडली. त्यानंतर रोज दोघींची पाळी ठरवली.

आणि मंचाला पायऱ्या किती, हे आयोजकांना आजच फोन करून विचारा. आमच्याकडे उतार नव्हता, तेव्हा आम्ही सगळ्याच मंचाखाली सतरंजीवर आणि खुर्च्यांवर बसून गायलो. तिचा खर्ज मधोमध हवाच होता.